भीड, भीक आणि वाढीव हमी

दिवाळी अंकात लेखकाने काही तरी गोडधोड वाढावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. वर्षभर या सदरातून मी म्हणी, व्याकरण आणि महाविद्यालयातल्या गमतीजमती यांचा चिवडा वाचकांपुढे ठेवीत आलो. यंदा मात्र एका फ्रीजची गोष्ट सांगणार आहे. ऐन थंडीच्या तोंडावर ही थंड गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच, की दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर घरोघर नव्या वस्तू येतात, आणि ज्या चुकीपायी मी वर्षभर पायपीट केली ती चूक नेमकी याच दिवसांत, हसतखेळत, पेढा तोंडात असताना होते.

आम्ही हिंगोलीकर. आमच्या गावाला दसऱ्याचे कौतुक फार. रामलीला मैदानावरच्या उत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे, आणि दसऱ्याला काही नवे घेतले नाही तर माणसाला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. २०२१ सालच्या दसऱ्याला आम्हाला मात्र हौसेने नव्हे, गरजेने फ्रीज घ्यावा लागला. आईला मधुमेह आहे. दोन वेळा इन्शुलिनची सुई घ्यावी लागते. जुना फ्रीज लग्नातला. त्याने संसाराला साथ देता देता एके दिवशी मान टाकली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आइस्क्रीम आणि कोथिंबीर गेली खड्ड्यात, पण आईंच्या औषधाला जागा हवी." तेव्हा आम्ही दोघे बस धरून नांदेडला गेलो आणि एका चकचकीत दुकानात शिरलो.

शिरतो न शिरतो तोच एक तरुण धावत आला आणि भर दुकानात वाकून माझ्या पाया पडला. "सर! तुम्ही इथं?" बी.ए.ला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा. नाव सांगत नाही. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. दुकानातली चार गिऱ्हाइके माझ्याकडे आदराने पाहू लागली. मराठीच्या प्राध्यापकाला असे क्षण फार थोडे येतात. मी जागच्या जागी दोन बोटे उंच झालो, आणि वाचकहो, माझा खिसा तिथेच सैल झाला.

फ्रीज ठरला चोवीस हजार पाचशेला. दारावर मोठी चिकटपट्टी होती : स्टॅबिलायझरशिवाय चालणारा. आमच्याकडे विजेचे वागणे लहरी जावयासारखे. केव्हा येईल, किती जोरात येईल आणि केव्हा रुसून जाईल याचा नेम नाही. त्यामुळे ही चिकटपट्टी पाहून जीव भांड्यात पडला. बिल करताना मुलगा हळूच म्हणाला, "सर, कंपनीची हमी एकच वर्ष असते. चोवीसशे नव्व्याण्णव रुपयांत पुढची तीन वर्षं वाढवून घ्या. एकूण चार वर्षं तुम्हाला बघायचं कामच नाही."

"आणि लाईटमुळे काही जळलं तर?"

"लाईटमुळे गेलं तरी, सर. सगळं आलं त्यात."

पी हळद आणि हो गोरी, असा तो सौदा. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात राहणाऱ्या माणसाला खरे तर याची सवय हवी. आमच्या बाजारात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज व्यापारी तोंडातून भाव काढत नाही. मी मात्र काहीही न मोडता, न पाहता पैसे मोडले. सौभाग्यवती तेवढ्या सावध. म्हणाल्या, "अहो, एवढं त्याच्याकडून लिहून घ्या." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपल्या विद्यार्थ्याकडून लिहून घ्यायचे? पण तोच हसत म्हणाला, "देतो की, मॅडम." आणि बिलाच्या पाठीवर त्याने आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिले : "४ वर्षे. सगळे पार्ट. लाईटमुळे गेले तरी." खाली सही. त्याच्या शुद्धलेखनाचे मी मनात कौतुक केले आणि बिल घडी करून ठेवून दिले.

पुढची अडीच वर्षे सुखात गेली. मग २०२४ चा मे महिना आला. मराठवाड्यातला मे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. पारा चाळिशी ओलांडून बसलेला. एके रात्री वीज चारपाच वेळा आली-गेली आणि सकाळी फ्रीज गप्प. कंपनीचा कारागीर आला, त्याने मागचे झाकण उघडले आणि निदान सांगितले : आतला बोर्ड, म्हणजे यंत्राचा मेंदू म्हणतात तो, जळाला आहे. "कंपनीचं वर्ष संपलंय. कॉम्प्रेसरला दहा वर्षं आहेत, पण कॉम्प्रेसर चांगला आहे." म्हणजे रोग्याचे हृदय विम्यात होते आणि आजार मेंदूचा निघाला.

हरकत नाही, आपल्याकडे वाढीव हमी आहे! मी दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. यंत्राने मला एक दाबा, दोन दाबा असे करीत अर्धा तास दाबले. चार दिवसांनी मोबाइलवर निरोप : "आपली मागणी कलम अमुकनुसार नामंजूर. कारण : विद्युतदाबातील चढउतार." मी शोधाशोध केली, तेव्हा कळले की पैसे भरल्यानंतर माझ्या मोबाइलवर एक दुवा आला होता, आणि त्याच्या पोटात बारीक इंग्रजी टायपातले अकरा पानी करारपत्र होते. बाकी सारे कवच पहिल्या पानावर आणि ते काढून घेणारी कलमे सातव्या पानावर. विजेच्या चढउताराने, पाण्याने, उंदराने, अयोग्य वापराने झालेले नुकसान वगळून. वस्तूची किंमत वर्षागणिक घटवून. आणि वाद झाल्यास मुंबईत लवादापुढे. विद्यार्थ्यांना वीस वर्षे मी सांगत आलो, की ओळींच्या मधला अर्थ वाचा. मी स्वतः ओळीच वाचल्या नव्हत्या.

दुकानाला फोन केला. व्यवस्थापक गोड बोलले. "सर, फ्रीज कंपनीचा, वाढीव हमी दुसऱ्या कंपनीची. आम्ही फक्त विकतो." हमीवाली कंपनी म्हणे, दुकानाने काय सांगितले ते आम्हाला ठाऊक नाही, कागद पाहा. फ्रीजवाली कंपनी म्हणे, वर्ष संपले. तीन दारे, आणि प्रत्येक दारावर दुसऱ्या दाराकडे बोट दाखवणारी पाटी.

इकडे घरात आईचे इन्शुलिन. न फोडलेली कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. फोडलेली काही आठवडे साध्या तापमानात चालते म्हणतात. पण हिंगोलीच्या मे महिन्यातल्या तापमानाला साधे कोण म्हणेल? नव्या कुप्या शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. चालू कुपी ओल्या वाळूत मडके, मडक्यात डबी, अशी माजघरात. रात्री बेरात्री काकूंची कडी वाजवताना आईला संकोच वाटे. एकदा तिने सुई घेण्याचेच टाळले आणि मला सांगितलेही नाही. चक्कर आली तेव्हा समजले. "कामून उठवावं बाई त्यांना रोज रोज?" एवढेच म्हणाली. त्या दिवशी मी गावातल्या कारागिराला बोलावले. नवा बोर्ड आणि मजुरी मिळून सहा हजार चारशे रुपये मोजले, फ्रीज चालू केला आणि जळका बोर्ड व पावती जपून ठेवली. कारागिराने लेखी शेरा दिला होता : "बोर्ड निकामी, यंत्र नेहमीच्या घरगुती वापरात." हीच दोन कामे मी सबंध प्रकरणात शहाणपणाची केली.

आता थोडे शब्दांविषयी. सवय जात नाही. गॅरंटी आणि वॉरंटी ही दोन भावंडे. मूळ शब्द एकच. जुन्या फ्रान्सच्या उत्तरेकडच्या बोलीत त्याचा 'व' टिकला, इतरत्र 'ग' झाला, आणि इंग्रजीने दोन्ही रूपे घरात घेतली. आपल्याकडे मात्र शब्द वेगळाच : जामीन. कोणी तरी जामीन 'राहतो', म्हणजे हमीमागे एक जितेजागते माणूस उभे असते. दुकानात माझ्यासमोर असेच माणूस उभे होते. मी विश्वास ठेवला त्याच्यावर, आणि पैसे गेले एका कागदाला. वाढीव हमीचा सारा व्यापार या अदलाबदलीवर चालतो : विकताना चेहरा पुढे, देताना कागद.

आकडेशास्त्रही या व्यापाराच्याच बाजूचे. यंत्रांच्या बिघाडाला अभियंते न्हाणीच्या टबाची उपमा देतात. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण कारखान्यातला दोष तेव्हाच डोके वर काढतो. मग दीर्घ काळ सपाट तळ. आणि म्हातारपणी पुन्हा चढण. सुरुवातीची चढण कंपनीची फुकटची हमी सांभाळते, म्हातारपण कोणीच सांभाळत नाही. मधला सपाट तळ, जिथे यंत्र सहसा बिघडत नाही, तेवढा आपण पैसे मोजून विकत घेतो. वस्तूच्या विक्रीत घासाघीस होऊन दुकानदाराच्या हाती फार उरत नाही. म्हणून बिल करताना, आपण वस्तू पसंत करून मोकळे झालेले असतो त्या सैल घटकेला, ही पुरवणी पुढे येते. ब्रिटनमध्ये हाच प्रकार इतका बोकाळला, की २००५ साली सरकारला खास आदेश काढावा लागला : वाढीव हमीची किंमत आधी दाखवा, अटी आधी सांगा, आणि ग्राहकाला ४५ दिवसांच्या आत ती रद्द करून पूर्ण पैसे परत घेऊ द्या. माझ्या अकरा पानांत असले काही मला सापडले नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे मात्र नव्हे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली. गंमत पाहा. 'गिऱ्हाईक' हा आपला घरगुती शब्द, आणि 'एखाद्याचे गिऱ्हाईक करणे' म्हणजे त्याची टर उडवणे. कायद्याने गिऱ्हाइकाचा ग्राहक केला. शब्द संस्कृत झाला. पण मनाने आम्ही गिऱ्हाईकच राहिलो.

कारण, खरे सांगायचे तर, मला तक्रार करायची भीड वाटत होती. तक्रार करायची तर पुरावा एकच : बिलाच्या पाठीवरचे ते टपोरे अक्षर. तो कागद लावला की पहिला घाव त्या मुलावर बसणार. सहा हजारांसाठी विद्यार्थ्याच्या पोटावर पाय द्यायचा? सौभाग्यवती म्हणाल्या, "सहा हजारांसाठी नाही. आईंनी सुई चुकवली त्यासाठी." मी निरुत्तर झालो आणि नांदेडला गेलो.

तो मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेला. मान खाली घालून म्हणाला, "सर, दर महिन्याला एवढ्या एवढ्या हम्या विकल्याच पाहिजेत असं टार्गेट असतंय. ते लाईटचं वाक्य आम्हाला पाठ करायला लावलं होतं. ते अकरा पानं मी बी कधी वाचले नाहीत." थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्ही निबंध पाठ करू नका म्हणायचे." चहा निवून गेला. उठताना तोच बोलला, "कागद लावा, सर. अक्षर माझं आहे, मी नाही म्हणणार नाही."

भीड भिकेची बहीण, ही म्हण मी दर वर्षी शिकवतो. अर्थ त्या टपरीवर कळला.

आधी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली; त्यावर कंपनीने तेच कलम पुन्हा पाठवले. मग दुकान, हमीवाली कंपनी आणि फ्रीजवाली कंपनी अशा तिघांना रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली, आणि जूनअखेर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार गुदरली. या निमित्ताने ज्या गोष्टी कळल्या त्या वाचकांच्याही कामाच्या आहेत. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दुकान नांदेडला, कंपनी मुंबईला, तरी मी हिंगोलीत. पूर्वी समोरच्याच्या गावी किंवा जिथे व्यवहार झाला तिथे खेटे घालावे लागत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. समोरच्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे, फार तर आणखी १५ दिवस. त्यापुढे सवलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी सांगून ठेवले आहे. आणि करारात लवादाचे कलम असले म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ साली ठरलेले आहे. सातव्या पानावरच्या 'मुंबईत लवाद' या शब्दांनी मी आठवडाभर उगाच घाबरलो होतो.

सर्वांत आवडले ते त्या कायद्यातल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येचे शब्द. दिशाभूल करणारे विधान तोंडी असो, लेखी असो वा दृश्य असो, तिन्ही सारखीच. माझ्याकडे तिन्ही होती! तोंडी, मुलाचे वाक्य. दृश्य, स्टॅबिलायझर नको सांगणारी चिकटपट्टी, जिचा फोटो सौभाग्यवतींनी काढून ठेवला. आणि लेखी, बिलाची पाठ. ज्या विजेला भिऊ नका असे दारावर सांगितले, तिचाच हवाला देऊन आत हमी नाकारली, एवढेच मी तक्रारीत साध्या मराठीत लिहिले.

हमीवाल्या कंपनीने उत्तराला पुरेपूर दिवस घेतले. तारखा मागितल्या. मीही सुट्टीचे अर्ज टाकीत राहिलो. त्या कज्जेदलालीच्या काळात सहकारी विचारीत, "अहो, एवढ्याशा रकमेसाठी?" अखेर मध्यस्थीला बसलो आणि डिसेंबरात तडजोड झाली. दुरुस्तीचे सहा हजार चारशे, वाढीव हमीचे चोवीसशे नव्व्याण्णव आणि खर्चापोटी तीन हजार. दुकानाच्या माणसाने सही करताना विचारले, "सर, बिलाच्या मागं कोणी लिहून दिलं होतं?" मी म्हणालो, "तुमच्या दुकानाने."

पण गोष्ट इतकी गोड संपत नाही. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांतच त्या मुलाला "उद्यापासून येऊ नको" असे सांगण्यात आले होते. मला त्याने कळवलेही नाही. तडजोडीनंतर दुसऱ्याकडून समजले. मिळालेल्या पैशांतले तीन हजार घेऊन मी त्याच्या गावी गेलो. त्याने पाकिटाला हात लावला नाही. आता तो हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. पगार दुकानापेक्षा कमी आहे. ती रुखरुख माझ्या जमाखर्चात अजून नावेच पडली आहे, आणि तिला कोणत्या आयोगात न्यावे हे मला उमगलेले नाही.

असो. दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या वाचकांना चार शब्द सांगून पुरे करतो. वाढीव हमी घेऊच नये असे मी म्हणत नाही. पण पैसे देण्याआधी करारपत्र मागा. नंतर मोबाइलवर येणारे चालणार नाही म्हणा. त्यात काय येते हे विचारू नका, काय येत नाही ते विचारा. आणि वीज, गॅस, मजुरी, घसारा या चार शब्दांवर बोट ठेवा. हमी कोण देतो, दुकान की तिसरीच कंपनी, ते बिलावर लिहून घ्या. जुना जळका भाग कारागिराच्या हाती देऊन टाकू नका. आणि विकणारा तुमचा विद्यार्थी, भाचा वा शेजाऱ्याचा मुलगा असेल, तर लिहून घेताना मुळीच लाजू नका. त्यात तुमचे हित आहेच, पण पाठ केलेले खोटे बोलण्यापासून त्याचीही सुटका आहे.

यंदाच्या दसऱ्याला तो मुलगा घरी आला. आपट्याची पाने माझ्या हाती देऊन पाया पडला, मग आईकडे वळला. "सोनं घ्या, आजी." आईने पान घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि उलटून पाहिले.

"मागं काही लिहिलं नाही ना रे बाबा?" तिने विचारले.

तो हसला. मग आम्ही सगळेच हसलो, आणि सौभाग्यवती फ्रीजमधून श्रीखंड काढायला उठल्या.